मुलाचं पहिलं ऑर्किड: सुवास किती वाजता येतो ते आधी विचारा

माझी भाची डोंबिवलीत राहते, यंदा सहावीत गेली. ती सात वर्षांची असताना मी तिला वाढदिवसाला पांढऱ्या फुलांचं मोठं फॅलेनॉप्सिस दिलं होतं. नर्सरीत सगळ्यात पुढे मांडलेलं असतं, तेच. तिनं आधी फुलात नाक खुपसलं आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मावशी, याला वासच नाहीये." फुलं दोन महिने टिकली, पण तिचं लक्ष दोन दिवसांत उडालं. जुलै सरेपर्यंत मुळं कुजून गेली होती.

दोन वर्षांनी मी तिला वीतभर उंचीचं ब्रासाव्होला नोडोसा दिलं, नारळाच्या सोडणावर बांधलेलं. ऑक्टोबरात एका रात्री नऊच्या सुमाराला तिचा फोन आला. घरात कुणीतरी अत्तर सांडलंय असं तिला वाटलं होतं आणि वासाचा माग काढत ती गॅलरीत पोचली होती. त्या रात्रीपासून ते रोप तिचं झालं. पाणी घालायची आठवण तिला पुन्हा करून द्यावी लागली नाही.

मुलासाठी ऑर्किड निवडताना रंग आणि आकार मागे ठेवावेत आणि वास पुढे आणावा, हे मी तेव्हापासून सगळ्यांना सांगते. पण "सुवासिक" एवढा एकच शब्द पुरत नाही. तो वास मूल घरी आणि जागं असताना यायला हवा, आणि रोपाला तुमच्या गावची हवा मानवायला हवी. निवड करताना मी ज्या क्रमानं विचार करते, त्याच क्रमानं पुढे सांगते.

पहिली पायरी: गावची हवा

मुंबई, ठाणे, कोकण, गोवा इथे हवा दमट आणि रात्रीही उबदार असते. पुणे, नाशिक, सातारा, कोल्हापूरकडे हिवाळ्याच्या रात्री १० ते १५ अंशांपर्यंत उतरतात. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या वर जातो आणि हवा कोरडीठाक होते. एकच रोप या तिन्ही ठिकाणी सारखं वागत नाही.

उदाहरण देते. ऑस्ट्रेलियातलं डेंड्रोबियम किंगियानम हे लहान, काटक आणि गोड वासाचं ऑर्किड. थंड देशांत ते मुलांसाठी हमखास सुचवलं जातं. पण कळ्या धरायला त्याला हिवाळ्यात थंड रात्री लागतात. मुंबईच्या गॅलरीत ते वर्षानुवर्षं फक्त पानं आणि पिल्लं काढत राहील, आणि फुलाची वाट बघून मूल कंटाळेल. थंड देशातल्या याद्या वाचून खरेदी करू नका, असं म्हणते ते यासाठीच.

हवेबरोबर उजेडही बघून घ्या. सकाळी दोन-तीन तास कोवळं ऊन आणि पुढे दिवसभर नुसता उजेड, अशी पूर्वेची गॅलरी किंवा खिडकी सर्वांत चांगली. पश्चिमेच्या गॅलरीत ५० टक्क्यांची शेडनेट लावावी लागते.

दुसरी पायरी: घड्याळ

रातराणी दुपारी हुंगली तर काहीच कळत नाही, हे आपल्याकडच्या मुलांना आधीच माहीत असतं. ऑर्किडचंही तसंच. ज्यांचं परागीभवन रात्रीचे पतंग करतात ती फुलं बहुधा पांढरी किंवा फिकट असतात आणि त्यांचा वास अंधार पडल्यावर सुटतो. मधमाश्यांवर विसंबणारी फुलं बहुतेक दिवसा दरवळतात.

ही गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे. मादागास्करच्या एका पांढऱ्या ऑर्किडला जवळजवळ फूटभर लांबीची मधाची नळी असते. ते फूल पाहून १८६२ साली चार्ल्स डार्विननं लिहिलं, की एवढ्या लांब सोंडेचा पतंग तिथे असलाच पाहिजे. तसा पतंग १९०३ मध्ये नोंदवला गेला, तेव्हा डार्विनला जाऊन २१ वर्षं झाली होती. आंग्रेकम सेस्क्विपेडाले हे त्या ऑर्किडचं नाव. रोप बरंच मोठं होतं म्हणून मुलासाठी घेऊ नका, पण त्याचा फोटो जरूर दाखवा.

आता आपल्या मुलाचा दिवस डोळ्यांसमोर आणा. सकाळची शाळा असेल तर अकरा वाजता दरवळणारं फूल त्याला फक्त रविवारी भेटेल. ऑन्सिडियम 'शॅरी बेबी'चं असंच होतं. चॉकलेटचा वास म्हणून ते प्रसिद्ध आहे, आणि वास खरंच चॉकलेटसारखा येतो, पण तो भरात असतो सकाळपासून दुपारपर्यंत. शिवाय त्याचा फुलांचा दांडा दोन-तीन फूट उंच जातो. दुपारची शाळा असलेल्या मुलाला ते छान, पण टेबलावर ठेवण्याजोगं ते नव्हे.

तिसरी पायरी: प्रत्यक्ष निवड

*ब्रासाव्होला नोडोसा.* समुद्रकाठच्या आणि उष्ण हवेच्या गावांसाठी माझी पहिली पसंती. मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या किनाऱ्याकडचं, म्हणून गरमी आणि खारा वारा याला नवा नाही. पानं पेन्सिलीसारखी जाड, थोडं पाणी साठवणारी. त्यामुळे मुलानं दोन दिवस पाणी विसरलं तरी बिघडत नाही. फुलाच्या पाकळ्या अरुंद आणि हिरवट, मध्ये हृदयाच्या आकाराचा पांढरा ओठ, म्हणजे सगळ्यात रुंद पाकळी. दिवसा फुलाला जवळपास वास नसतो. दिवेलागणीनंतर अनंताच्या फुलाजवळ जाणारा, थोडा लिंबाकडे झुकणारा वास सुरू होतो आणि झोपायच्या वेळेला खोली भरून जाते. याला उजेड मात्र भरपूर लागतो. अंधाऱ्या खोलीत फुलणार नाही. याच्यापासून तयार केलेलं 'लिटल स्टार्स' हे संकरही तितकंच सोपं, आणि त्याला फुलं जास्त लागतात.

*मॅक्सिलारिया टेनुइफोलिया.* ओल्या नारळाचा वास! पहिल्यांदा हुंगलं तेव्हा मला थेट खोबरं खवतानाचं स्वयंपाकघर आठवलं. फुलं लालसर मरून, पिवळ्या ठिपक्यांची, दोन-अडीच सेंटिमीटरची, पानांच्या गर्दीत लपलेली. मुलांना ती शोधायला आवडतं. पानं गवतासारखी अरुंद असतात, त्यामुळे फुलं नसताना आलेला पाहुणा त्याला गवतच समजतो. वास दिवसा येतो, पण फूल बरेच दिवस टिकतं, म्हणून शनिवार-रविवार वाट्याला येतातच. मुंबईत आणि पुण्यातही चालतं, फक्त मुळं पूर्ण कोरडी पडू द्यायची नाहीत. लहान मुलासाठी एकच ऑर्किड घ्यायचं असेल आणि घरात रोज कुणी पाणी घालू शकत असेल, तर मी हेच सुचवीन. त्याच्या वासाचं नाव मुलाला आधीच ठाऊक असतं.

*निओफिनेशिया फाल्काटा.* हल्ली वर्गीकरणात याला व्हांडा फाल्काटा म्हणतात, पण दुकानात जुनंच नाव चालतं. जपान, कोरिया आणि चीनमधलं हे रोप हाताच्या तळव्यात मावतं. जपानी नाव 'फूरान', म्हणजे वाऱ्याचं ऑर्किड. त्याच्या निवडक जातींना 'फुकिरान' म्हणतात, आणि एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, तिथले सरदार-दरबारी ती मानानं जोपासत. पांढरी फुलं, मागे बाकदार लांब नळी, आणि संध्याकाळनंतर येणारा गोड वास. पुणे, नाशिक, सातारा इथली थंडी याला मानवते. हिवाळ्यात पाणी बरंच कमी करायचं. मुंबईत ते जगतं, पण फुलायला कुरकुर करतं. तिथे याचं आणि ऱ्हिंकोस्टायलिस या दुसऱ्या ऑर्किडचं संकर 'लू स्नेअरी' घ्यावं. ते गरमी जास्त सोसतं.

*फॅलेनॉप्सिस बेलिना.* सदनिकेत ऊनच येत नसेल तर हे घ्या. बोर्निओ बेटाकडचं, रुंद चकचकीत पानांचं बुटकं रोप. त्याच्या वासात जिरॅनिऑल असतं, गुलाबाच्या अत्तरात असतं तेच. वास दिवसा येतो. एका वेळी एकदोनच फुलं उमलतात, पण जुन्या दांड्यावर पुन्हा कळ्या येत राहतात, म्हणून दांडा हिरवा असेपर्यंत कापायचा नाही. उन्हाळ्यात हवा कोरडी असलेल्या गावी हे टिकवणं कठीण.

ऱ्हिंकोस्टायलिस जायगांशिया हे थायलंडकडचं रोप थोडं मोठं, पण थंडीच्या दिवसांत त्याचा वास दिवसाढवळ्या येतो आणि मुंबईची हवा त्याला मानवते. ऑन्सिडियम 'ट्विंकल' व्हॅनिलासारखं दरवळतं, पाच इंची कुंडीत शेकडो चिमुकली फुलं देतं. पुणे, नाशिक, बंगळूर इथे घ्या, नागपुरात नको. खुद्द नागपूर, अकोला, संभाजीनगरकडे ब्रासाव्होलाच घ्यावं, आणि एप्रिल ते जून ते घरात, कूलरच्या झोतापासून थोडं दूर पण त्याच खोलीत ठेवावं.

चौथी पायरी: विकत घेताना

एकच प्रश्न ठामपणे विचारा: हे रोप फुलण्याच्या वयाचं आहे का? ऑर्किडचं बी धुळीसारखं बारीक असतं आणि प्रयोगशाळेतल्या बाटलीतून निघालेल्या रोपाला फुलायला कित्येकदा तीन-चार वर्षं किंवा जास्त लागतात. अशी पिल्लं स्वस्त मिळतात आणि मोठ्यांना परवडतात, मुलाचा धीर तेवढा पुरत नाही. आधीच्या फुलांचा वाळलेला दांडा दिसत असेल किंवा कळी आलेली असेल, तर ते रोप घ्या. रोपावर नावाची चिठ्ठी हवी. "मिक्स फ्रॅग्रंट" असं मोघम लिहिलेलं मी घेत नाही, कारण त्याचा वास सकाळचा की रात्रीचा तेच कळत नाही.

पानांपेक्षा मुळं बघा. घट्ट, पांढरी आणि टोकाला हिरवी असतील तर चांगली. दाबल्यावर पिचपिचीत लागली तर नको. पार्सलनं मागवायचं असेल तर मे महिना टाळा, रोपं वाटेत भाजून निघतात. पाऊस सरल्यावर किंवा फेब्रुवारीत मागवलेली नीट रुजतात.

आणखी दोन गोष्टी. परदेशातून येणाऱ्या मामा-काकांना बॅगेत रोप आणायला सांगू नका. ऑर्किडचा व्यापार 'सायटीस' या आंतरराष्ट्रीय कराराखाली नियंत्रित आहे आणि रोपं आणायला परवाने लागतात. दुसरं, रानातून रोप काढून आणू नका, कुणी रस्त्याकडेला विकत असेल तरी घेऊ नका. सह्याद्रीत आंब्या-उंबरावर लोंबणारी सीतेची वेणी पावसाच्या तोंडावर फुलते तेव्हा मुलाला झाडाखाली घेऊन जा, मान वर करून बघू द्या. अशा रोपांना लोक सरसकट बांडगूळ म्हणतात. तो गैरसमज तिथेच दूर करता येतो: बांडगूळ झाडाचा रस शोषतं, ऑर्किड फक्त बसायला जागा घेतं. कासच्या पठारावर पावसाळ्यात जमिनीतून उगवणारी ऑर्किडंही दाखवा. त्यातलं एक टूथब्रशसारखं दिसतं, आणि मुलं ते नाव विसरत नाहीत.

पाचवी पायरी: लावणी, मुलाच्या हातानं

माती लागत नाही. हे ऐकून मुलं चकित होतात. झाडावर राहणाऱ्या या रोपांच्या मुळांना हवा हवी असते, आणि कुंडीत माती भरली की ती गुदमरतात.

पारदर्शक प्लास्टिकचा ग्लास किंवा आइस्क्रीमचा डबा घ्या. मोठ्यांनी तापवलेल्या डाभणानं तळाला आणि बाजूला भोकं पाडून द्यावीत, दहा-बारा तरी. मुलाला बाहेरून मुळं दिसतील, आणि पुढे पाणी घालताना याचाच मोठा उपयोग होतो. आत लोणारी कोळशाचे बोराएवढे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे चौकोनी तुकडे, निम्मे निम्मे. कोळसा आधी धुऊन भुकटी काढायची. सोडण आठवडाभर भिजत ठेवून रोज पाणी बदलायचं, त्यातला क्षार आणि तपकिरी रंग निघून जातो. मॅक्सिलारियासाठी तुकडे थोडे लहान ठेवा आणि वर चिमूटभर स्फॅग्नम मॉस, म्हणजे वाळवलेलं शेवाळ, घाला, ओल टिकते.

ब्रासाव्होला कुंडीपेक्षा बांधूनच चांगलं वाढतं. आंब्याच्या लाकडाचा तुकडा किंवा अख्खं सोडण घ्या, मुळं त्यावर पसरा, सुती दोऱ्यानं गुंडाळा. रोप हललं नाही पाहिजे, कारण हलत राहिलं तर नव्या मुळांची टोकं घासून मरतात. मुलानं बांधल्यावर मोठ्यांनी एकदा ओढून बघावं.

निओफिनेशिया जपानी पद्धतीनं मॉसच्या उंचवट्यावर बसवतात, आतून पोकळ ठेवून. पावसाळ्यात आपल्याकडे तो मॉस सतत ओला राहतो, त्यामुळे मी कोळशातच लावते.

सहावी पायरी: पाणी, मुळांना विचारून

"रोज पाणी घाल" किंवा "आठवड्यातून दोनदा घाल" असं मुलाला सांगू नका. मुळांवर स्पंजासारखं आवरण असतं. कोरडं असलं की ते चांदीसारखं पांढरं दिसतं, भिजलं की काही क्षणांत हिरवं होतं. मुलाला हे एकदा करून दाखवा. मग नियम एवढाच: मुळं पांढरी दिसली तर पाणी, हिरवी असतील तर उद्या बघू. सहा वर्षांचं मूलही हे अचूक करतं. भाचीच्या पहिल्या रोपाच्या वेळी मी तिला हे सांगितलं नव्हतं. ती मायेनं रोज पाणी घालत राहिली आणि त्यातच ते रोप गेलं.

पाणी सकाळी, भरपूर, खालून निथळेपर्यंत. ग्लासाखाली बशी ठेवली तर ती रिकामी करा. फॅलेनॉप्सिसच्या गाभ्यात पाणी साचून रात्रभर राहिलं तर गाभा कुजतो, म्हणून कागदाच्या टोकानं टिपून घ्यायचं. हे बारीक काम मुलं मन लावून करतात. बोअरच्या जड पाण्यानं मुळांवर पांढरे थर चढतात. पावसाचं साठवलेलं पाणी उत्तम.

खत म्हणजे १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं), एक लिटर पाण्यात चहाच्या चमच्याचा आठवा भाग, आठवड्यातून एकदा, आधी साध्या पाण्यानं मुळं भिजवून मगच. खत मोजून विरघळवणं मोठ्यांचं काम. ऑर्किडची ही रोपं विषारी मानली जात नाहीत, पण खत आणि औषधांची डबी मुलाच्या हाती लागेल अशी ठेवू नये.

सातवी पायरी: पावसाळा

आपल्याकडे ऑर्किडचा खरा घात जून ते सप्टेंबरमध्ये होतो. पहिल्या सरींत रोप बाहेर ठेवा, मुळं टरारून वाढतात. पण सलग चार-पाच दिवस झड लागली की पागोळ्यांपासून आत, वारं खेळेल अशा जागी घ्या. बंद खोलीत कोंडू नका. कोकणात आणि मुंबईत या दिवसांत कित्येक आठवडे पाणी घालावंच लागत नाही. मुलाला त्या काळात दुसरं काम द्या: रात्री टॉर्च घेऊन गोगलगायी शोधणं. कोवळ्या मुळांची टोकं आणि कळ्या त्या फस्त करतात. पानांच्या बगलेत पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. साबणाच्या सौम्य पाण्यात बुडवलेल्या जुन्या टूथब्रशनं पुसून काढला की बहुधा भागतं.

उजेडाचा अंदाज पानांच्या रंगावरून घ्या. पोपटी हिरवी पानं म्हणजे उजेड बरोबर. गर्द हिरवी आणि लवलवीत झाली तर उजेड कमी आणि फूल लांबणार. कडा लालसर, मध्ये पिवळी पडली तर ऊन जास्त. काळा-तपकिरी वाळका डाग म्हणजे भाजलं आहे, तो डाग जात नाही, पण रोप वाचतं.

फूल आलं की

कळी दिसल्यावर रोपाची जागा बदलू नका, कळ्या गळतात. उमलल्यावर मात्र खुशाल हलवा. रात्रीच्या वासाचं असेल तर मुलाच्या उशाजवळच्या खिडकीत ठेवा. एक वही करायला सांगा: तारीख, वास किती वाजता सुरू झाला, कशासारखा वाटला. भाचीच्या वहीत "७.४० ला थोडा, ९ ला खूप, सकाळी गायब" अशा नोंदी आहेत, आणि एका ठिकाणी "आजीच्या कपाटासारखा".

फुलात बोट घालून परागकण शोधू द्या, एखादं फूल खराब झालं तरी चालेल. आइस्क्रीममधला खरा व्हॅनिला हीसुद्धा एका ऑर्किडची शेंग असते, आणि ती हातानं धरवण्याची सोपी युक्ती १८४१ साली रियुनियन बेटावर एडमंड आल्बियस या गुलामगिरीत जन्मलेल्या १२ वर्षांच्या मुलानं काढली. बारीक काडीनं फुलातला पडदा उचलायचा आणि अंगठ्यानं परागकण दाबून टेकवायचे. आजही व्हॅनिलाची फुलं हातानं अशीच धरवतात.

दोन-तीन वर्षांनी मॅक्सिलारिया ग्लासाबाहेर पसरू लागेल, सोडणाचे तुकडे चुरा होऊ लागतील. फेब्रुवारी-मार्चमध्ये, नवी मुळं फुटायच्या वेळी, रोप बाहेर काढा. प्रत्येक तुकड्यात किमान चार कंद (पानांच्या बुडाशी असलेले फुगीर भाग) राहतील असं बघून स्वच्छ पुसलेल्या कात्रीनं दोन भाग करा, काप दिवसभर सुकू द्या आणि वेगवेगळ्या ग्लासांत लावा. एक भाग मुलाच्या मित्राला किंवा मैत्रिणीला द्यायचा. सोबत चिठ्ठी मुलानंच लिहावी: नाव काय, पाणी कधी, आणि वास किती वाजता.